मातीचं विरजण

वहिनी, तुझी तेरवी होऊन नऊ दिवस झाले आणि मी अजून एका जागी धड बसलो नाही. हे लिहायला घेतलं तेव्हापासून तीनदा उठलो. एकदा बोडीच्या पाळेवर जाऊन पाणी किती उरलं ते पाहून आलो. एकदा मागच्या मांडवातल्या रोपांना पाणी शिंपडलं, सकाळीच शिंपडून झालेलं असताना. तिसऱ्यांदा नुसताच दारापर्यंत गेलो आणि परत आलो. दादा ओसरीवर बसून पाहत होता. म्हणाला, "काहून फिरून राहिला बे? बस ना जरा." तू असतीस तर म्हणाली असतीस, भाऊजींच्या पायाला भिंगरी लागली.

तुझ्याशी जन्मभर घरच्या बोलीत बोललो, पण हातात पेन आलं की माझ्यातला शाळामास्तर जागा होतो. तेव्हा भाषा जराशी इस्त्रीची वाटली तर हसू नको.

तेरवीच्या पंगतीत मी गुलाबकाकूच्या समोर बसलो होतो. ती तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होती. किती घरी गेली, किती बाळंतिणींचं केलं, कधी नाही म्हणाली नाही. मग पापड मोडता मोडता म्हणाली, "बाईच्या हाताले लय गुण होता. शेवटी शेवटी मातर गेला." पंगतीतल्या सगळ्या बाया माना डोलवू लागल्या. माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला असा किती वेळ लागतो? गिळला आणि दुसरा घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या मुठीत काय आहे ते मलाच ठाऊक. तुझा हातगुण गेला नव्हता, वहिनी. तो मी घालवला, आणि हे जगात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. कालपर्यंत.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नाक पुसायची अक्कल नव्हती, तरी तू मला पहिल्या दिवसापासून 'भाऊजी, तुमी' म्हणायचीस आणि मी तुला सरळ 'तू'. आई गेल्यावर माझा अभ्यास तुझ्या चुलीपुढे व्हायचा. मी मोठ्यानं वाचायचो आणि तू भाकरी थापता थापता प्रत्येक वाक्याला विचारायचीस, "काहून?" एकदा मी वाचलं, पानं उन्हात अन्न तयार करतात. तू म्हणालीस, "मंग मुळं कोणाच्या भरवशावर जेवतात? त्याईले त ऊन भेटत नाही." मी म्हणालो, पानं खाली धाडतात. "आन मुळं कोणाले धाडतात?" मी चिडलो. मुळं कोणाला कशाला धाडतील, पुस्तकात नाही असं काही. तू भाकर उलटवलीस आणि म्हणालीस, "नसन लिहिलं." पुढे मी बीएस्सी झालो, शाळेत विज्ञान शिकवू लागलो, लग्न केलं नाही, तुझ्याच चुलीवर जेवत राहिलो. आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पन्नास वर्षांचं व्हावं लागलं.

आसगावात कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की तू तिच्या दारी शतावरीचं रोप घेऊन जायचीस. शतावरीच्या मुळ्या दुधासाठी बाळंतिणीला देतात हे सगळ्यांनाच माहीत, पण तुझं म्हणणं असं की मुळी विकत आणण्यापेक्षा वेल दारात असावा, पुढच्या बाळंतपणाला कामी येतो. रोपासोबत तू एका फडक्यात मूठभर माती न्यायचीस. बोडीच्या पाळेवर मोहाखाली जी जुनी शतावरी आहे, तिच्या मुळाशी खोदलेली. खड्ड्यात आधी ती माती, मग रोप. तू तिला विरजण म्हणायचीस. "दुधाले विरजण लागते, तसं मातीले लागते. नाई त ते नुसतं दूधच राहते, भाऊजी."

यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, मातीत खत घालतात, विरजण नाही. तू म्हणायचीस, "काहून नाई?" मी नत्र, स्फुरद, पालाश सांगायचो. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि मग फडक्याची गाठ मारून निघून जायचीस. माझा भारी संताप व्हायचा. वर्गात साठ पोरं माझं ऐकतात आणि घरात एक बाई ऐकत नाही म्हणजे काय! उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. फरक इतकाच की उंटावर तूच बसवलं होतंस.

मग ते वर्ष आलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात तुझी बरीच रोपं कोवळी असतानाच जमिनीलगत कुजून आडवी पडली होती. मी हातात घेऊन पाहिली आणि निदान केलं, बुरशी. बुरशी म्हणजे माझ्या डोक्यात काय होतं? शिळ्या भाकरीवरची, लोणच्यावरची, अंगावरच्या गजकर्णाची. वीस वर्षं हेच शिकवत आलो होतो. ही बुरशी तुझ्या त्या विरजणातूनच येते अशी माझी खात्री पटली. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "इतकी वर्सं नाही आली ते?" आणि लगेच तुझं नागपूरला जाणं ठरलं, मोतीबिंदूचा डोळा बनवायला.

जायच्या आदल्या दिवशी तू पाळेवरून टोपलंभर माती खोदून आणलीस. एका डोळ्याला धूसर दिसत होतं, तरी. दोन रोपं तेलाच्या रिकाम्या डब्यांत स्वतः लावलीस आणि मला बजावलंस, बाकीच्या थैल्या तुम्ही भरा, बी लावा, आणि दर थैलीत मूठभर विरजण टाका. "विसरू नका जी." लेक शरयू तुला घेऊन गेली. शरयूचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं.

तुझी एसटी सुटली आणि मी कामाला लागलो. आपला धान उकडायचा ड्रम मागच्या अंगणात चुलीवर चढवला आणि त्यात धानाऐवजी माती उकडली. तीन दिवस. दादा विचारत होता, काय रांधून राहिला? मी म्हणालो, विज्ञान. थैल्यांत सगळी ती उकडलेली माती भरली, वरून बुरशीनाशक पावडरीचं पाणी दिलं. आणि तुझं टोपलं उचलून नेलं आणि बोडीच्या पाण्यात उलटं केलं. माती बुडत गेली तेव्हा मला चांगलं वाटलं होतं, वहिनी. खरं सांगतो. जिंकल्यासारखं वाटलं होतं.

तू काळा चष्मा लावून महिन्यानं परत आलीस तेव्हा थैल्यांतून हिरवीगार पोपटी रोपं उभी होती. एकही कुजलं नव्हतं. तू चष्मा वर करून एकेक रोप पाहिलंस, नव्या डोळ्यानं. मग मला विचारलंस, "भाऊजी, विरजण टाकलं होतं ना?"

मी म्हणालो, हो.

मला वाटलं होतं, वर्षभरानं रोपं वेल झाली की तुला सांगेन. बघ, विरजणाशिवाय! तुझी जिरवायची होती. खोटं तेवढ्यापुरतंच होतं.

ती रोपं तू हिवाळाभर वाटलीस. अकरा घरी गेलीस. उन्हाळा आला आणि चैत्र संपायच्या आत ती पिवळी पडू लागली. बाया पाणी घालत होत्या, सावली करत होत्या, काही उपयोग नाही. वैशाखात एकेक करून अकराही वाळली. आपल्या मांडवातली उरलेली रोपंही, एक सुकत चाललेलं सोडलं तर, गेली. फक्त तेलाच्या डब्यांतली दोन टवटवीत होती. तोच मांडव, तेच पाणी, तेच ऊन. माझ्या धंद्यात याला तुलनेचा संच म्हणतात, आणि तो तू मला न मागता करून ठेवला होतास. मी त्या डब्यांकडे पाहायचो आणि दुसरीकडे जायचो.

तूही पाहिलंस. पण तुझा हिशेब निराळा झाला. डब्यातली रोपं नागपूरला जायच्या आधी तुझ्या हातून लागलेली. थैल्यांतली आल्यानंतर तुझ्या हातून वाटलेली. तू मला पुन्हा विचारलंस, विरजण टाकलं होतं ना, आणि मी पुन्हा हो म्हणालो. मग तू चुलीपुढे बसून शांतपणे म्हणालीस, "मंग हातच गेला माझा. डोळा आला आन हात गेला."

त्यानंतर तू कोणाच्या बाळंतिणीकडे रोप घेऊन गेली नाहीस. नागपूरच्या डॉक्टरनं दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली, तर तू गेली नाहीस. दादा रागावला, शरयू रडली, मी तर मोतीबिंदूवर अर्धा तास भाषण दिलं. तू म्हणालीस, "एक बनवला त हे झालं." ज्याला एका वाक्यात तुझी समजूत काढता आली असती तो माणूस तुला डोळ्याच्या भिंगाचं चित्र काढून दाखवत होता. याची लाज कशी सांगू?

खरी गोष्ट मला पुढच्या पावसाळ्यात कळली. कुठल्याशा लेखात वाचलं की बहुतेक झाडांच्या मुळांत एक बुरशी राहते, आणि ती त्यांना मारत नाही, जगवते. मला पटेना. शाळेच्या प्रयोगशाळेत, मधल्या सुट्टीत, दार लावून बसलो. तुझ्या डब्यातल्या शतावरीची बारीक मुळं घेतली आणि माझ्या थैलीतलं, मरायला टेकलेलं एक शेवटचं रोप होतं, त्याचीही घेतली. दोन्ही कॉस्टिक सोड्यात उकळली, धुतली, आणि व्हिनेगरमध्ये पेनाची निळी शाई टाकून त्यात बुडवून ठेवली. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरली. माझ्या थैलीतलं मूळ कोरं होतं. स्वच्छ, उकडलेलं, शहाण्या माणसाच्या हातचं. तुझ्या मुळात मात्र निळ्या धाग्यांची नुसती गर्दी होती. केसाहून बारीक धागे पेशींमधून गेलेले, मधूनच एखाद्या पेशीत शिरून इवल्याशा झाडासारखे फांद्या फोडलेले. मी डोळा काढला, पुसला, परत लावला. घंटा झाली तरी उठलो नाही.

ते धागे मुळाच्या बाहेर मातीत दूरवर जातात, वहिनी. जिथे मुळाचं टोक शिरत नाही त्या फटींतून ओल आणतात, स्फुरद आणतात. वर ऊन तापतं, माती कडक होते, तेव्हा झाड एकटं नसतं. आणि झाड त्या बदल्यात पानांनी केलेली साखर त्यांना पोचवतं. मुळं कोणाला धाडतात, ते हे. तू चुलीपुढे विचारलं होतंस ना? सगळा दोष ती बुरशी नसण्याचाच असं मी म्हणणार नाही, त्या साली ऊनही फार होतं आणि लोकांच्या अंगणातल्या तुडवलेल्या मुरमात काय असणार. पण जी रोपं मी दिली ती पोरकी करून दिली. कुजवणारी बुरशी मारायला निघालो आणि तिच्यासोबत जगवणारीही उकडून टाकली. जे मूठभर टाकायचं होतं ते बोडीत टाकलं.

मी धावत घरी आलो होतो त्या दिवशी, आठवतं? तुला पाळेवर घेऊन गेलो. मोहाखाली बसून सगळं सांगितलं. धागे, ओल, साखर. तुझं विरजण खरं होतं, असंही म्हणालो, अगदी मोठ्या मनानं, जसा काही बक्षीस देत होतो. तू ऐकत होतीस. एका डोळ्यानं चांगलं पाहत होतीस, एका डोळ्यानं धूसर. मग तू म्हणालीस, "हे त चांगलं झालं. पर त्या साली विरजण टाकलं होतं ना, भाऊजी? मंग काहून वाळले?"

तिसऱ्यांदा विचारलंस. तोंडाशी आलं होतं. बोडीत दोन टिटव्या ओरडत होत्या, समोरच्या बांधीत धानाचा रोवणा चालू होता, बायांची गाणी येत होती. आणि मी म्हणालो, "ऊन जास्त होतं, वहिनी."

तू मान हलवलीस. पदरानं चष्मा पुसलास. आपण घरी आलो.

त्यानंतर शरयूचं बाळंतपण आलं. तुझी स्वतःची लेक. ती लेकरू घेऊन वरठीला सासरी गेली तेव्हा सगळा गाव वाट पाहत होता की आता तरी तू रोप काढशील. तू डिंकाचे लाडू दिलेस, गोधडी दिलीस, रोप दिलं नाहीस. शरयू चार महिने तुझ्याशी नीट बोलली नाही. मला फोनवर म्हणाली होती, "आईनं साऱ्या गावाले देल्लं, काका. मलेच नाही." तू नाही का दिलंस ते तू एकट्या मला सांगितलं होतंस. लेकीच्या दारचं रोप वाळलं तर तिला अपशकुन होईल, तिच्या लेकराला काही होईल, असं तुला भ्या वाटत होतं. "माझा हात आता नाही लागू देत मी तिच्या अंगणाले." हे मी शरयूला सांगितलं नाही. कारण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. आणि मग एका सकाळी तू चहा उकळत ठेवून खाली बसलीस आणि उठलीच नाहीस. पोरगी आली तेव्हा तिला बोलायला तू नव्हतीस.

तेरवीच्या पंगतीनंतर आठ दिवस मी असाच फिरत होतो. पाण्यानं दडी मारली आहे, धान पिवळं पडू लागलं आहे, सगळ्यांना वाटतं मास्तर त्याच्या काळजीत आहे. काल सकाळी उठलो, पाळेवर गेलो, मोहाखाली खोदलं. माती ओली होती, वहिनी. वर भेगा पडल्या आहेत आणि हातभर खाली ओल. फडक्यात मूठभर बांधली. तुझ्या दोन डब्यांतला एक मोटरसायकलच्या मागे सुतळीनं करकचून आवळला. दादानं विचारलं, कुठे? म्हणालो, वरठीला. वेल झुलत होता म्हणून भंडाऱ्यापर्यंत वीसच्या वर गाडी नेली नाही, मागून येणारे सगळे मला शिव्या देत पुढे गेले. वरठीत शिरलो तेव्हा कारखान्याची पहिली पाळी सुटली होती आणि सायकली, मोटरसायकलींनी रस्ता भरला होता.

शरयूनं दार उघडलं. कडेवर लेकरू. डब्याकडे पाहिलं आणि तिनं ओळखलं. म्हणाली, आईचा आहे ना? मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. पाणी नको म्हणालो. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ड्रम, टोपलं, बोडी, हो म्हटलेलं, दोनदा म्हटलेलं, तिसऱ्यांदा ऊन पुढे केलेलं. गुलाबकाकू काय म्हणाली ते. आणि तुझं भ्या, की लेकीच्या अंगणाला तुझा हात लागू नये.

ती ऐकत होती. शेवटचं ऐकलं तेव्हा तिचा चेहरा मोडला. लेकरू तिच्या तोंडाकडे पाहू लागलं. मग तिनं विचारलं, अगदी तुझ्या आवाजात, "मंग तिले काहून नाही सांगितलं, काका?"

लाज म्हणू? मास्तरकी म्हणू? उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत गेलो आणि तू आहेस तोवर उद्या आहेच, असं धरून चाललो. मी मान खाली घालून उभा राहिलो.

शरयू आत गेली. मला वाटलं, दार लावेल. लेकराला खाली बसवून ती खुरपं घेऊन आली. भिंतीलगत, जिथे दुपारनंतर सावली येते तिथे, स्वतः खड्डा खोदला. मी फडक्याची गाठ सोडायला लागलो तर तिनं माझ्या हातातून ते घेतलं. म्हणाली, "तुमी नका टाकू. मी टाकतो."

तिनं तुझी माती खड्ड्यात टाकली, बोटांनी पसरली, वर वेल बसवला. मला सांगितलं, पाणी आणा. मी बादली आणली. निघताना ती म्हणाली, अकराही घरी जा आणि त्यांच्यापुढे हेच सांगा, आणि गुलाबकाकूच्या घरी आधी जा. मी हो म्हणालो. या 'हो'ला ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

आता उठतो. फडक्यात माती बांधून ठेवली आहे, गुलाबकाकू दुपारची झोपते म्हणून थांबलो होतो. तिच्याकडे जाण्याआधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन जातो. तीनदा विचारलंस, एकदाच सांगतो.

नव्हतं टाकलं, वहिनी.